खाऊ घालणे आणि खाऊ देणे

पाखरांना दाणे घालणे ही पुण्याची, सवाबची गोष्ट आहे याविषयी आपल्याकडे कुणाचे दुमत नाही. मंदिराच्या ओट्यावर, दर्ग्याच्या अंगणात, जैन बांधवांच्या कबुतरखान्यात, खेड्यातल्या घरासमोर, सगळीकडे तोच हात दिसतो. धर्म वेगळे असले तरी मूठ सारखीच उघडते. म्हणून या विषयावर प्रश्न उपस्थित करणे अनेकांना विचित्र वाटेल. परंतु जी नेकी सर्वांना इतक्या सहजपणे मान्य होते, तिच्याकडे कुणी नीट पाहतच नाही. माझा प्रश्न साधा आहे. आपण पाखराला खाऊ घालतो तेव्हा समाधान नेमके कोणाचे होते? पाखराचे की आपले?

हा प्रश्न मला भंडारा जिल्ह्यातल्या हिवाळ्याने घातला. हिवाळ्यात पाखरांसाठी खिडकीत, बाल्कनीत दाणे ठेवण्याची जी चाल आज शहरांतून पसरते आहे, ती मूळची बर्फाच्या मुलखातली आहे. तिकडे डिसेंबर-जानेवारीत जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात, बिया बर्फाखाली गाडल्या जातात आणि दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो. तेवढ्या वेळात पोट भरले नाही तर लहान पाखरू रात्रीच्या थंडीत मरते. १८९०-९१ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात इंग्लंडमधील वर्तमानपत्रांनी लोकांना पाखरांसाठी अन्न बाहेर ठेवण्याचे आवाहन केले होते. तिथे मूठभर दाणे म्हणजे एका जिवाची एक रात्र. त्या दयेच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आपल्या भंडाऱ्याचा हिवाळा मात्र याच्या अगदी उलट आहे. दिवाळीच्या आगेमागे धान पिकते. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पडतात, खळ्यावर मळणी होते आणि वाटेने, धुऱ्यावरून, बैलगाडीतून आणि आता ट्रॅक्टरमधून दाणा सांडत जातो. धान उभे असतानाच ओलीवर फेकून पेरलेली लाखोळी, जवस कापणीनंतर वर येतात. मामा तलाव अजून भरलेले असतात. चिमण्या, मुनिया, होले, पोपट यांच्यासाठी वर्षातला हा सुगीचा काळ. इथल्या पाखरांचा खरा कठीण काळ येतो तो एप्रिल-मे महिन्यांत. तलावांचे तळ उघडे पडतात, बोड्या आटतात आणि पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा दाण्यापेक्षा पाण्याचा घोट महाग होतो.

म्हणजे भंडाऱ्यात, तुमसरात, पवनीत किंवा साकोलीत डिसेंबरच्या सकाळी अंगणात तांदळाची कणी टाकणारा माणूस कुणाचा जीव वाचवत नाही. तो भरल्या पोटी आलेल्या पाहुण्याला आणखी एक घास वाढतो. हे वाईट आहे काय? अजिबात नाही. आमच्या घरी दादी नव्या धानाच्या लोंब्यांची एक जुडी वळचणीला टांगत असे. शेजारच्या छत्तीसगडात तर अशा लोंब्यांची सुंदर तोरणे विणून दारावर लावतात आणि चिमण्या ती सावकाश रिकामी करतात. त्यामागची भावना भूक भागवण्याची नाही. घरात नवे पीक आले, त्यात तुझाही वाटा आहे, ही कबुली त्या जुडीत असते. चिमणीला तिची गरज नसेल. आपल्याला आहे, कारण वर्षातून एकदा तरी वाटेकऱ्याची आठवण राहावी लागते.

अडचण येते ती या जुडीलाच आपण सगळा हिशेब समजू लागलो की. दाणे टाकले, पाखरे आली, आपण चहा पीत ती पाहिली, आपले कर्तव्य संपले. इथे जरा थांबावे. दाण्यावर येणारी पाखरे कोणती? चिमणी, साळुंकी, होला, कबुतर, फार तर बुलबुल. पण हिवाळ्यात आपल्या अंगणात खरोखर जे पाहुणे दूरवरून येतात ते या दाण्याला चोचही लावत नाहीत. शेपटी खालीवर करत धावणारा धोबी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. काळ्या अंगाचा, तांबूस शेपटीचा थिरथिरा भिंतीवर बसून शेपूट थरथरवतो, तोही उत्तरेचाच. हे दोघे किडे खाणारे. त्यांच्यासाठी वाडगाभर तांदूळ ठेवला काय आणि न ठेवला काय, सारखेच. त्यांना हवा असतो परसातला ओला कोपरा, शेणाचा उकिरडा, न झाडलेला पालापाचोळा, औषध न मारलेली वाफ्याची माती. जो पाहुणा आपले ताट घेत नाही त्याचे आदरातिथ्य कसे करायचे? त्याचे त्याला जेवू द्यायचे, एवढेच. त्याच्या ताटात विष कालवायचे नाही आणि ते ताट सिमेंटने झाकायचेही नाही.

आपल्या मराठीत यासाठी दोन नेमके शब्दप्रयोग आहेत. खाऊ घालणे आणि खाऊ देणे. पहिल्यात माझा हात पुढे होतो. दुसऱ्यात माझा हात मागे येतो. पहिल्यात देणारा दिसतो, दुसऱ्यात तो कुणालाच दिसत नाही. मला वाटते, पाखरांच्या बाबतीतला सगळा नैतिक प्रश्न या दोन क्रियापदांमध्ये आहे.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या मांजरीमुळे ती बाई शिक्षेस पात्र ठरली. आपण ती हदीस मुलांना सांगतो आणि तात्पर्य काढतो की मुक्या जिवाला खायला द्यावे. पण तिच्यातला आरोप दुहेरी आहे. त्या बाईने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडामुंगी खाऊन तिने आपले पोट भरावे म्हणून तिला मोकळेही सोडले नाही. म्हणजे तिच्यापुढे दोन मार्ग होते आणि तिने दोन्ही बंद केले. यातून एक गोष्ट उघड होते. मांजर मोकळी असती तर खाऊ न घालण्याचा गुन्हा उरला नसता. गुन्हा मोठा ठरतो तो वाट अडवण्याने. आता आपणच आपल्याला विचारून पाहावे. आपण पाखरांच्या किती वाटा अडवून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या बदल्यात किती मुठी टाकतो आहोत?

दुसरी हदीस शेतीची आहे. एखाद्याने झाड लावले किंवा शेत पेरले आणि त्यातून माणसाने, जनावराने वा पाखराने खाल्ले तर ते पेरणाऱ्याच्या नावावर सदका म्हणून जमा होते. हा सदका फार वेगळा आहे. शेतकऱ्याने तो हाताने दिलेला नाही. कदाचित तो त्या वेळी शेतात नसेलही. पाखराने परस्पर खाल्ले. तरीही ते दान ठरते. म्हणजे खाऊ देणे हेही देणेच आहे, आणि बहुधा जास्त निखळ, कारण त्यात टाळी वाजवायला कुणी नसते.

पण हे मी शहरात बसून लिहिले आणि शेतकऱ्याने ऐकले तर तो हसेल, आणि त्याचे हसणे रास्त आहे. लोंबीत दूध भरू लागले की मुनियांचे आणि पोपटांचे थवे बांध्यांवर उतरतात. दोन एकरांचा धनी मचाणावर बसून डबा वाजवतो, गोफण फिरवतो. माझ्या ओळखीचे एक शेतकरी मला म्हणाले, "तुम्ही मूठभर टाकता, फोटो काढता. माझ्या शेतातून पायलीभर जाते, त्याचा फोटो कोण काढते?" या बोलण्याला माझ्याजवळ झटपट उत्तर नव्हते, आणि ते असूही नये. खाऊ देण्याची किंमत समाजात सारखी वाटलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. गच्चीवाल्याची दया किलोभर बाजरीत भागते. बांधीवाल्याला तीच दया पिकाच्या हिश्शाने मोजावी लागते. म्हणून शेतकऱ्याने पाखरू हाकलले तर त्याला निर्दय म्हणण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही. गोफण पाखराला पळवते. ती त्याची जमीन विषारी करत नाही.

आणि त्याच बांधीत पाखरांचे दुसरे खातेही आहे. धानावर खोडकिडा येतो, अळ्या येतात. कृषी खाते शेतकऱ्यांना शेतात पक्षी थांबे रोवायला सांगते. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी, तिच्यावर कोतवाल येऊन बसतो आणि दिवसभर किडे टिपतो. एक काठी रोवण्याला खर्च जवळजवळ नाही. मला हा थांबा दाण्यांच्या वाडग्यापेक्षा अधिक सभ्य वाटतो. त्यात पाखराला आपण आश्रित मानत नाही, बरोबरीचा कामकरी मानतो. कुरआनने सूरह अल-अन्आममध्ये पंखांनी उडणाऱ्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मतीला भीक घालायची नसते. तिच्याशी नाते ठेवायचे असते.

चिमणीचेच पाहा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि घरोघर लाकडी घरटी टांगली गेली, दाणे ठेवले गेले. चांगलेच झाले. पण चिमणीचे पिल्लू पहिल्या दिवसांत दाण्यावर जगत नाही. त्याला मऊ अळ्या, किडे लागतात, आणि ते आणण्यासाठी आईबाप दिवसभर खेपा घालतात. परसात आणि बांधीत आपण एकही किडा उरू दिला नाही तर मोठ्या चिमणीचे पोट आपल्या तांदळाने भरेल आणि तिचे पिल्लू घरट्यात उपाशी राहील. खाऊ घातले, पण खाऊ दिले नाही, असा त्याचा अर्थ.

कधी कधी तर खाऊ घालणेच उलटते. इंग्लंडमध्ये २००५ च्या सुमारास बागेतल्या पाखरांत घशाचा एक परजीवी रोग पसरला. दाण्यांच्या आणि पाण्याच्या एकाच भांड्यावर होणाऱ्या गर्दीने त्याला हातभार लावला. हिरव्या रंगाची ग्रीनफिंच तिथे इतकी घटली की २०२१ मध्ये तिची नोंद धोक्यातल्या पाखरांच्या लाल यादीत झाली. प्रेमाने ठेवलेले, पण न धुतलेले भांडे हे त्याचे एक कारण. आपल्याकडे २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला. एका बाजूला पिढ्यांची श्रद्धा होती, दुसऱ्या बाजूला कबुतरांच्या विष्ठेने होणारा फुप्फुसांचा आजार. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असू शकतात. पण शेजाऱ्याच्या छातीत शिरणाऱ्या धुळीचा विचार न करणारे पुण्य अपुरे आहे, हे म्हणायला धर्मशास्त्राचा पंडित असण्याची गरज नाही.

आपल्या समाजातली एक चाल मी मुद्दाम मांडतो. आजारपण टळावे, बला जावी म्हणून पिंजऱ्यातली पाखरे विकत घेऊन उडवून देतात. सदका म्हणून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि १९९०-९१ पासून तर भारतीय रानपाखरांच्या खरेदी-विक्रीलाच बंदी आहे. तरीही मुनिया पकडल्या जातात, आणि अनेकदा कोणीतरी सोडवेल याच भरवशावर पकडल्या जातात. सोडवणारे गिऱ्हाईक वाढले की जाळी वाढतात. पिंजऱ्यात कोंबलेल्या मुनियांतल्या किती आधीच मरतात ते सोडवणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आपल्या हातातून उडणारा जीव. आपल्या सदक्यासाठी आधी कुणाला तरी कैद व्हावे लागत असेल तर तो सदका कोणत्या खात्यावर जमा होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मला स्वतःला उत्तर अवघड वाटत नाही.

इथे पाहण्याचा प्रश्न येतो. खाऊ घालणाऱ्याला तेच पाखरू दिसते जे त्याच्या दाण्यावर येते. न येणारे त्याच्या हिशेबात नसते. सूरह अन्-नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) पाखरांची पाहणी करतात तो प्रसंग आहे. एवढ्या मोठ्या लष्करात त्यांच्या लक्षात येते की हुदहुद दिसत नाही. आलेल्यांच्या गर्दीत न आलेला एक आठवणे, यालाच मी पाहणे म्हणतो. हा हुदहुद म्हणजे आपल्याकडचा हुदहुद्या. डोक्यावर तुरा, लांब वाकडी चोच. भंडाऱ्याच्या माळांवर, मैदानांत, कब्रस्तानाच्या गवतात तो किडे उकरताना दिसतो. दाण्याच्या वाडग्यावर तो कधी यायचा नाही. उद्या तो नाहीसा झाला तर वाडगा ठेवणाऱ्याला कळणारही नाही.

गिधाडांच्या बाबतीत नेमके हेच झाले. गावाबाहेर ढोरफोडीच्या जागी मेलेले जनावर टाकले जाई आणि गिधाडे ते खात. यात कुणी सदका केल्याचे मानत नव्हते, पण ते खाऊ देणेच होते. मग गुरांना डायक्लोफेनॅक हे दुखण्याचे औषध दिले जाऊ लागले आणि ते पोटात असलेले मढे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. काही वर्षांत देशातल्या तीन जातींची गिधाडे शंभरातली पाचसुद्धा उरली नाहीत. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर आभाळ रिकामे झाले होते. हजेरी घेणारे फार थोडे होते.

सलीम अली यांच्या आयुष्याची सुरुवातही पाहण्यानेच झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हे पाखरू मुसलमानाला खायला चालते काय, अशी शंका त्या मुलाला आली. ती शंका त्याला मामांकडून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांपर्यंत घेऊन गेली. 'हे खावे काय?' या प्रश्नाचे रूपांतर 'हे कोण आहे?' या प्रश्नात झाले. आपल्या भागात मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला हेच केले. पुस्तकी ज्ञानावर न थांबता त्यांनी तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून तलाव आणि पाखरे समजून घेतली. तेव्हा नवेगाव भंडारा जिल्ह्यातच होते. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. आता महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या.

ते तलाव हेच आपल्याकडच्या खाऊ देण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. कोहळी समाजाच्या कारागिरांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव धानासाठी होते. पाखरांसाठी कुणी बांधले नाहीत. तरी हिवाळ्यात उत्तरेकडची बदके तिथे उतरतात, कारण पाण्यात त्यांच्या खाण्याच्या वनस्पती असतात. इस्लाममध्ये सदका-ए-जारिया म्हणतात तो असा असतो. देणारा गेला, नाव विसरले, पाणी उरले. आज त्या तलावांत बेशरम वाढते, पोटात अतिक्रमण होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर समाजाला सोबत घेऊन तलावातली बेशरम उपटते आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावते. मासा वाढतो, ढिवराची चूल पेटते, बदकाचेही पोट भरते. इथे खाऊ देण्याची किंमत एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. माणसाचा घास आणि पाखराचा घास एकाच तलावातून येतो.

सारसाची गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. महाराष्ट्रात तो उरला आहे तो गोंदियात आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भंडाऱ्यात. उभ्या धानात तो घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो. विजेच्या तारा आणि शेतातली विषे त्याचा जीव घेतात. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. गोंदियातील 'सेवा' ही संस्था शेतकऱ्यांच्या मदतीने त्याची गणना करते, घरट्यांवर लक्ष ठेवते. पण शेवटी न्यायालय बांधीत येऊन बसत नाही. ज्याच्या बांधीत घरटे आहे त्याने तेवढा तुकडा सोडायचा की नाही, हे त्याच्या मनावर असते. त्याने सोडला तर त्याचे नुकसान आपण सर्वांनी मिळून भरून दिले पाहिजे. नाहीतर आपली पाखरांवरची माया ही दुसऱ्याच्या शेतावर केलेली खैरात ठरेल.

म्हणून दाणे टाकू नका, असे मी म्हणणार नाही. मुलांनी पाखरू जवळून पाहावे यासाठी मूठभर दाण्यांसारखे दुसरे साधन नाही. फक्त भांडे रोज धुवावे आणि उन्हाळ्यात दाण्याआधी पाणी ठेवावे, पसरट, उथळ, सावलीत. परसाचा एक कोपरा न झाडता, न फवारता सोडावा. सदक्यासाठी पाखरे विकत घेऊ नयेत. गावचा तलाव कुणी बुजवत असेल तर त्या दिवशी ग्रामसभेला जावे. यातली पहिली गोष्ट केल्यावर लोक आपल्याला दयाळू म्हणतील. बाकीच्यांसाठी कुणी काही म्हणणार नाही, शेवटच्या गोष्टीसाठी तर शत्रुत्वही पत्करावे लागेल. तरीही त्या केल्या पाहिजेत. अल्लाहने पाखराचा रिज्क आपल्या मुठीत ठेवलेला नाही. तो त्याने जमिनीवर पसरून ठेवला आहे. आपल्याकडे मागणे एवढेच आहे की तो आपण उचलून नेऊ नये.